लीलाची दिवसपाळी

फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पलीकडे लीलाचा मुलगा मिलिंद होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. मग यशवंतरावांनी, लीलाच्या नवऱ्यानं, फोन घेतला. "डोक्यात रक्तस्राव झाला. सकाळी चहा पिताना कप खाली ठेवला आन् म्हणाली, माझा हात जड झालाय, आता बोलणं जाईल, त्याच्या आधी ऐका. रिक्षा आणायला सांगितली, कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते सांगितलं, माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यात तेबी सांगितलं... मग गप झाली." मी ओल्या हातानं फोन धरून तशीच उभी राहिले. जन्मभर नर्स म्हणून जगलेली बाई जातानाही आपल्याच आजाराची सूत्रं हातात घेऊन गेली होती.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजली वाहण्याच्या कार्यक्रमाला मी मिरजेला गेले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वंदना झाली, लोक बोलायला उभे राहिले. लीलाच्या शिस्तीबद्दल बोलले, तिच्या रागाबद्दल हसत हसत बोलले. मग एक तरुण उठला. म्हणाला, "मावशींनी शेअर बाजारातही नाव काढलं. मिरजेतली एक बाई रोज सांगलीला जाऊन स्क्रीनसमोर बसून कमावते, हे आम्हाला प्रेरणादायी होतं. मीसुद्धा नोकरी सोडून तेच करायचा विचार करतोय." लोकांनी माना डोलावल्या. यशवंतराव खाली बघत बसले. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीत बसले तेव्हा माझं ठरलं होतं, की हे लिहायचं. लीला असती तर त्या मुलाला तिथंच बाजूला घेऊन बसली असती.

आमची ओळख मिरजेतल्या नर्सिंगच्या वसतिगृहातली. मी साताऱ्याच्या पेठेतली, घरातली नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिलीच मुलगी. ती आटपाडीकडची. तिच्या वडिलांनी धर्मांतर केलं त्या वर्षी ती शाळेत जायला लागली होती. "बाबा म्हणायचे, आता तू कुणाच्या पायाशी बसायचं न्हाई, खुर्चीवर बसायचं," असं ती सांगायची आणि पुढे हसायची, "आन् नर्सिंगला आली तर खुर्चीच न्हाई. दिवसभर उभंच." पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही. माझ्या डब्यातले लाडू मी तिला द्यायला घाबरत होते, ती घेईल की नाही म्हणून. एके दिवशी तिनंच डबा उघडला आणि विचारलं, "हे कुणासाठी राखून ठेवलंयस गं?" तिथून पुढचं सगळं आयुष्य आम्ही एकमेकींना विचारूनच काढलं. मी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात लागले, ती मिरजेतच राहिली, वॉर्ड सिस्टर झाली. रेल्वेत गार्ड असलेल्या यशवंतरावांशी लग्न झालं. त्यांची ड्युटी फिरती, हिची पाळ्यांची. दोघं घरात एकदम असले की शेजारी विचारायचे, आज सण आहे का?

तिची पाठ गेली ती पेशंट उचलून उचलून. मणक्याचं दुखणं इतकं वाढलं, की वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. घरी बसलेली लीला मी पाहिली. दुपारी दोनला ती उठून उभी राहायची, पाळी बदलायची वेळ म्हणून. चादरीचे कोपरे पुन्हा पुन्हा घडी घालायची. मिलिंद पुण्याला नोकरीला. यशवंतराव गाडीवर. "शालू," ती मला म्हणाली होती, "पेन्शन येती गं. पोटाला पुरती. पण मी आता काय करती, असं कुणी विचारलं तर मला सांगताच येत न्हाई."

अशात एकदा यशवंतरावांनी तेजीच्या दिवसांत घेऊन ठेवलेले कुठल्याशा कंपनीचे शेअर विकायला म्हणून ती सांगलीला गेली. ब्याण्णवच्या त्या तेजीत आमच्याकडेही घरोघर अर्ज भरले गेले होते. माझ्या यजमानांनी घेतलेले कागद अजून कपाटात आहेत, कंपनी मात्र नाही. तर लीला गेली, आणि तिला ते ऑफिस दिसलं. हळदीच्या पेठेजवळ, कापडदुकानाच्या माडीवर. गच्चीत उपग्रहाची मोठी तबकडी बसवलेली, आत दोन संगणक, त्यांच्यावर सतत बदलणारे आकडे, समोर खुर्च्या. सांगलीला सौद्यांचं नवल नाही, हळदीचे वायदे करणाऱ्यांच्या पिढ्या त्या गावात गेल्यात. त्यामुळे डोळ्यांसमोर भाव पळताहेत आणि माणसं चहा पीत बघताहेत, यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. ऑफिस चालवणारा संजय तिशीतला, बोलायला गोड. त्यानं तिला खुर्ची दिली. तिथं निवृत्त बँकवाले होते, एक औषधदुकानदार होता, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक शिराळकर मास्तर होते. मास्तरांच्या बायकोचं ऑपरेशन लीलाच्या वॉर्डात झालेलं. ते उठून उभे राहिले, "या सिस्टर!" आणि मग सगळेच तिला सिस्टर म्हणायला लागले.

घरी बसल्यापासून कुणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. मला वाटतं, तिथंच सगळं ठरलं.

महिन्याभरानं तिचा फोन आला. आवाज एकदम पूर्वीचा. "शालू, माझी दिवसपाळी सुरू झाली बघ!" सकाळी आवरून मिरजेहून सिटी बसनं सांगलीला, बाजार उघडायच्या आत खुर्चीवर. आज घ्यायचं ते आजच विकायचं, संध्याकाळी हात मोकळे करून घरी. रात्रीची काळजी नाही, असं तिचं म्हणणं. पहिले काही महिने तिला मिळालंही. ती साताऱ्याला आली ती कंदी पेढे घेऊनच घरात शिरली, माझ्याच गावचे पेढे मला. मी विचारलं, "तुला यातलं काय कळतं गं?" तर म्हणाली, "आगं, खाटेच्या पायाशी लावलेला तापाचा तक्ता जन्मभर वाचला की मी. ताप चढणार का उतरणार, रेघ बघून सांगायची. ही रेघ काय वेगळी हाय?"

तेव्हा मला ते पटलं होतं. लीला हुशार होती, थंड डोक्याची होती. तिला जमणार नाही तर कुणाला जमेल, असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र खटकली होती. मी मिरजेला गेले असताना तिच्या वॉर्डातल्या जुन्या आयाबाई, रुक्मिणीबाई, घरी आल्या. निवृत्तीचे पैसे पदरात बांधून आणले होते. "आवं सिस्टर, तुमी तुमच्यासंगं माझंबी लावा की." लीला ताडकन म्हणाली, "न्हाई. पोस्टात ठेवा. कुणी काय बी सांगू दे, पोस्टातच." त्या गेल्यावर मी विचारलं, "तिला नको म्हणालीस, मग तू?" लीला म्हणाली, "मला कळतंय गं त्यातलं." आणि विषय बदलला. मी पुढे अनेकांकडून हेच वाक्य ऐकलं. त्या माडीवरच्या प्रत्येक खुर्चीवरचा माणूस दुसऱ्यासाठी ते धोक्याचं समजत होता आणि स्वतःपुरतं त्याला कळत होतं.

हळूहळू तिचे फोन कमी झाले. आले तरी तुटक. दुपारी फोन केला तर ती नसायचीच, संध्याकाळी केला तर असूनही नसायची. तिला सुरुवातीला मिळालं तेव्हा बाजारच वर चालला होता, ते नंतर लक्षात आलं. मग तो खाली यायला लागला, मग दिवसात चार वेळा वरखाली. ती जास्त घ्यायला लागली, कारण कालचं आज भरून काढायचं होतं. निवृत्तीच्या रकमेतला एक भाग त्यात गेला. जेवणाचा डबा तसाच परत यायला लागला. यशवंतराव कधी तक्रार न करणारे, पण एकदा मला म्हणाले, "वैनी, पूर्वी मी गाडीवर निघालो की ती विचारायची, कवा येणार? आता विचारत न्हाई. मी आलो तरी तिच्या ध्यानात येत न्हाई." मी तिला म्हटलं, थोडं थांब. तर म्हणाली, "पाळी सोडून मधेच कुणी घरी जातं का?"

आणि मग एका दुपारी ती न कळवता साताऱ्याला आली.

आठवड्याचा मधला वार. बाजार चालू असण्याची वेळ. मी गॅलरीत घेवडा निवडत बसले होते, तर फाटकातून लीला येताना दिसली. हातात पिशवी नाही, पेढे नाहीत. समोर येऊन बसली आणि माझ्या ताटातला मूठभर घेवडा ओढून निवडायला लागली. मूठ संपली तेव्हा म्हणाली, "आज तिकडं सांगलीत माझा सत्कार हाय. शाल आणलीय त्यांनी. म्हणून पळून आली."

"कसला सत्कार?"

"शिराळकर मास्तरांचा जीव वाचवला म्हणून."

ते आदल्या आठवड्यात घडलं होतं. बाजार बंद व्हायला आला होता. लीलानं सकाळी एका पोलादाच्या कंपनीचे बरेच शेअर घेतले होते, नेहमीपेक्षा खूपच जास्त, आणि भाव घसरत होता. आता विकावं की थांबावं, यात दुपार गेली. मास्तर तिच्या शेजारच्या खुर्चीवर. त्यांच्या छातीतून आवाज आला. "बघायची गरजच न्हवती शालू. पाठीमागं पेशंटचा तसला आवाज आला, की मी हातातलं इंजेक्शन ट्रेमधे टाकून पळायची. तू पाहिलंस की मला... कळलं मला काय झालंय ते. लगेच कळलं. आन् मी संजयला म्हणाली, आधी माझं विक."

मी हातातला घेवडा ताटात ठेवला.

"त्यानं आकडे टाकले. स्क्रीन हळू होती. मी थांबली. विकलं गेलं का, म्हणून विचारलं. तो व्हय म्हणाला. मग वळली. तवर मास्तर खुर्चीवरनं घसरलेले."

पुढे तिनं जे करायचं ते सगळं नीट केलं. त्यांना आडवं केलं, छातीवर हात ठेवून दाब दिला, स्वतःची पाठ दुखते हे विसरली, त्यांना दवाखान्यात पोचवलं. मास्तर वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर मदत मिळाली म्हणून. ऑफिसातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि शाल आणायचं ठरवलं. तिनं संजयला काय सांगितलं होतं, ते त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही नव्हतं. प्रत्येकाचे डोळे आपापल्या आकड्यांवर होते.

मी नर्स आहे. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "किती वेळ गेला?"

"किती का जाईना. गेला ना."

वाचले ना ते, असं म्हणणं तिच्यापुढे खोटं ठरलं असतं. आम्ही दोघींनी उरलेला घेवडा निवडून संपवला. मग ती म्हणाली, "मी तुला म्हणाली होती ना, तापाचा तक्ता आन् ही रेघ सारखीच. चुकलं माझं. तिथं ताप चढला तर मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, औषध द्यायची, डॉक्टरला उठवायची. रेघ खाली यायची त्यात माझा हात असायचा. ह्या रेघेला मी हाय का न्हाई ते ठाऊकच न्हाई. मी नुसती बघती आन् तिच्यासंगं वरखाली होती. ह्याला मी पाळी म्हणत होती!" थोड्या वेळानं हसलीसुद्धा, पण ते हसू बरं नव्हतं. "त्या खोलीत पगार एकट्या संजयला हाय. आम्ही मिळवू दे, घालवू दे, दर सौद्याला त्याची दलाली सुटती. आमच्यापैकी कुणाला विचारलं तर सगळे म्हणणार, वर्षाकाठी मी फायद्यात. मीबी म्हणत होती. खरं मांडून बघितलं तर न्हाई. कवाच न्हवती."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सांगलीला गेले. तिला एकटीनं मास्तरांकडे जायचं नव्हतं. मास्तर नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले, पलंगावर उशीला टेकून बसले होते. भिंतीवर त्यांनीच काढलेलं कृष्णेच्या घाटाचं चित्र. त्यांच्या पत्नी लीलाला बघून हात जोडून पुढे आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. लीलानं त्यांचे हात खाली केले. उभ्याउभ्याच, रिपोर्ट द्यावा तसं, तिनं सगळं सांगून टाकलं. मी आधी विकलं, मग तुमच्याकडे वळले. काही वगळलं नाही, काही सावरलं नाही.

मास्तर उशीवर सावरून बसले. मग म्हणाले, "सिस्टर, खरं सांगू? मला त्या वेळचं काहीच आठवत नाही. तुम्ही केव्हा आलात, कोणी उचललं, काही नाही. फक्त पडताना माझ्या शेअरचा भाव काय होता, तेवढं पैशापर्यंत आठवतंय." आणि ओशाळून पुढे म्हणाले, "बायकोचा चेहरा नाही आला डोळ्यांपुढे. भाव आला."

त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी तो तिथंच तिवईवर ठेवला. लीलाला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. राग नाही माझा. आता यांनाही सांगा, परत तिकडे जाऊ नका म्हणून. माझं ऐकत नाहीत." लीलानं सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. चार महिन्यांनी ते पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसले. मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "घरी बसून करू तरी काय हो? तिथं चार माणसं असतात." मला त्यांचा राग आला नाही. पैशासाठी येणारे तिथं थोडे असतील, सकाळी उठून कुठेतरी जायला हवं म्हणून येणारेच जास्त. एवढं साधं कारण, आणि त्याची किंमत मात्र...

लीला पुन्हा गेली नाही. सोपं नव्हतं ते. सकाळी बाजार उघडायच्या वेळेला तिचे पाय बसथांब्याकडे वळायचे. यशवंतराव ड्युटीवर नसले की त्या वेळी तिला घेऊन फिरायला बाहेर पडायचे, तंतुवाद्यांच्या गल्लीतून, जिथं सतारीच्या भोपळ्यांच्या रांगा वाळत ठेवलेल्या असतात. "गाडी थांबली की सिग्नल मिळेपर्यंत थांबायचं, एवढंच मला येतं," ते मला म्हणाले होते.

मला कुणी विचारलं, की नोकरी नसलेल्या, धंदा न शिकलेल्या माणसानं दिवसभर स्क्रीनसमोर बसून घरखर्चाची कमाई करावी का, तर मी आकड्यांचं उत्तर देणार नाही. आकडे लीलाचेही तोट्याचे होते, आणि तिच्यापेक्षा शांत डोक्याचं माणूस मला माहीत नाही. पण ती त्यातून बाहेर आली ती तोट्यामुळे नव्हे. तोटा तर ती भरून काढायला निघाली होती, सगळेच निघतात. शेजारचं माणूस कोसळताना आपण कुठे बघत होतो, ते तिला कळलं म्हणून ती बाहेर आली. कार्यक्रमात बोललेल्या त्या तरुणाला मला इतकंच सांगायचं आहे, की तू ज्या लीलामावशींचं नाव घेतलंस, त्यांनी स्वतः शेवटी त्याला कमाई म्हटलं नाही.

शेवटची काही वर्षं तिनं वेगळंच काम केलं. मिरजेत ऑपरेशनं होऊन लोक घरी जातात, म्हातारी माणसं अंथरुणाला खिळतात, आणि त्यांना वळवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. लीलानं घरच्या बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट टाकली आणि गरजू मुलींना हे शिकवायला लागली. पाठीमुळे स्वतः उचलू शकत नव्हती, खुर्चीवर बसून सांगायची. रुक्मिणीबाईंची सून पहिली शिकली. मुली शिकून घरोघरी काम करायला लागल्या, पगार आणायला लागल्या. लीलाला त्यातून मिळायचं ते अगदी बेताचं. ते हातात आलं की मला फोन करायची. "शालू, पगार झाला."

कार्यक्रम संपल्यावर लोक पांगले. मी निघायच्या तयारीत होते तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला म्हणून डोकावले, तर दोन मुली त्या खाटेपाशी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना एका घरी कामावर रुजू व्हायचं होतं, सराव अर्धा राहिला होता. पेशंट म्हणून झोपायला कुणी नव्हतं. एकीनं संकोचत विचारलं, "काकू, तुम्ही झोपाल का?" ती मुलगी सांगलीच्या विश्रामबागेतली, शहरी घरातली, बोलणं अगदी स्वच्छ पुस्तकी.

मी चप्पल काढून खाटेवर आडवी झाले. तिनं चादर सारखी केली, माझ्या गुडघ्याखाली हात घातला, दुसरा हात खांद्यामागे. "काकू, आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. आधी तुमचा हात माझ्या खांद्यावर टाका." मी टाकला. माझं अंग आखडलेलं तिला जाणवलं असावं. ती थांबली, आणि एकदम आटपाडीच्या वळणानं, लीलाच्याच लयीत म्हणाली, "घाई न्हाई आपल्याला."

तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि तिनं मला अलगद वळवलं.